मनूस, भोपाळला येण्याआधी

अरेरा कॉलनी, बिट्टन मार्केटजवळ,
भोपाळ

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं, तुझ्या आईशी, ताईशीही फोनवर बोलणं झालं. शासनाच्या सुशासन संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर सल्लागार व्हायचं, की बालपोषणावर काम करणाऱ्या लहानशा संस्थेत कमी पगारावर रुजू व्हायचं, हा तुझा पेच आहे. ताईला सरकारी नाव हवंय, तुझ्या बाबांना पगाराची काळजी आहे आणि तुला दोन्ही जागा सारख्याच ओढतायत. माझं मत सांगते. जागेचा विचार नंतर कर, आधी प्रश्न पक्का कर. पुढची वीस-पंचवीस वर्षं तू कोणत्या प्रश्नाजवळ राहणार आहेस? तू पत्रात कुपोषण लिहिलंयस. मग तोच प्रश्न धर. टेबल बदलतील, करार संपतील, सचिव बदलतील, संस्थेचे देणगीदार बदलतील, पण ज्या माणसाने एक प्रश्न धरून ठेवलाय त्याला दोन्हीकडून बोलावणं येत राहतं. ज्याने फक्त पदं धरली त्याचा करार संपला की त्याची आठवणही संपते. भोपाळमध्ये असे पुष्कळ जण मी पाहिलेत. आज पाण्यावर अहवाल, उद्या कौशल्य विकासावर, परवा पर्यटनावर. भाषा सफाईदार, तक्ते सुंदर. पण त्यांना एकही विभाग आपणहून फोन करत नाही.

एक प्रश्न धरून ठेवणं म्हणजे किती वर्षं, ते वि. स. पागे यांच्याकडून समजून घे. पागे 1960 ते 1978 महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून पाहिली. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. 1977 साली कायदा झाला आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. केंद्राने त्याच धर्तीवर कायदा केला तो 2005 साली. तासगावच्या प्रयोगापासून राज्याच्या कायद्याच्या अंमलापर्यंत चौदा वर्षं, आणि देशाच्या कायद्यापर्यंत चाळीस. यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती 1975 सालची गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्रात व्यवसाय कर आला आणि कामाच्या या योजनेला हक्काच्या पैशाची वाट मिळाली. तुझ्या बाबांच्या पगारातून दरमहा जे 200 रुपये कापले जातात ना, त्यांचं मूळ तिथे आहे. हक्काची घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहते. पैसा कुठून येणार आणि कोणत्या लेखाशीर्षात पडणार याचा विचार ज्याने केला, त्याचं काम टिकलं. तू कुठल्याही योजनेची शिफारस लिहायला बसलीस की हे दोन प्रश्न आधी सोडव.

तुझा विषय कुपोषण, म्हणून गडचिरोलीचं उदाहरण तुला तोंडपाठ असायला हवं. अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी मोजलं. खेड्यांत किती मुलं जन्मतात, किती दगावतात, कोणत्या दिवशी, कशाने. मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत करून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत ही सेवा दिली, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी. आणि केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीच्या कामात ही गृहभेट आणली ती 2011 साली. म्हणजे इतका स्वच्छ पुरावा हातात असतानाही मध्ये बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत कुणीतरी सभांना जात होतं, आक्षेपांना उत्तरं देत होतं, प्रशिक्षणाची पुस्तकं लिहीत होतं. धोरण सल्ल्यातलं बरंचसं काम हेच आहे, आणि ते कुठेही छापून येत नाही. शेवटी आशाला एका बाळाच्या सगळ्या भेटी मिळून 250 रुपये ठरले. गडचिरोलीच्या आरोग्यदूताला मिळालेली देखरेख, तिची पिशवी, तिचं प्रशिक्षण आणि दुसऱ्या टोकाला हे 250 रुपये, यांच्यामधलं अंतर मोजता येणं हे तुझं कौशल्य असलं पाहिजे.

भोपाळचंही एक उदाहरण सांगते. त्यावर माझं मत ठाम आहे. 1 जानेवारी 1997 ला मध्य प्रदेशात शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावात 40 मुलं असतील, आदिवासी भागात 25, तर गावाने मागणी करायची आणि सरकारने 90 दिवसांत गुरुजी द्यायचा. रचना किती नेमकी आहे बघ. मागणी कोण करणार, कुणाकडे, उत्तर किती दिवसांत, सगळं ठरलेलं. ज्या पाड्यांवर शाळा कधी पोचल्या नव्हत्या तिथे त्या पोचल्या. पण गुरुजींचं मानधन सुरुवातीला महिना 500 रुपये होतं. त्याच राज्यात त्याच इयत्ता शिकवणारा नियमित शिक्षक कितीतरी जास्त पगार घेत होता. दुर्गम पाड्यावरच्या मुलाला स्वस्तातला शिक्षक, ही गोष्ट योजनेच्या पोटात पहिल्या दिवसापासून होती आणि पुढे अनेक वर्षं गुरुजींच्या आंदोलनांतून ती बाहेर येत राहिली. योजना चांगली होती असं मी आजही म्हणते. मानधनाची ओळ चुकीची होती असंही म्हणते. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर लिहिण्याची तयारी ठेव. एका वाक्यावर थांबणारा माणूस एकतर योजनेचा प्रचारक होतो नाहीतर तिचा वैरी, आणि सचिवाला या दोघांचाही उपयोग नसतो.

‘एकलव्य’बद्दल तू विचारलं होतंस. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 साली ‘किशोर भारती’ या संस्थेने आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने 16 उच्च प्राथमिक शाळांत सुरू केला. 1978 साली तो सरकारी मान्यतेने पूर्ण जिल्ह्यात गेला, 1982 साली तो पुढे न्यायला ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली. मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत, परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी असे, शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत. आणि तीस वर्षांनी, 2002 साली, सरकारने तो बंद केला. तरुण मुलं हे ऐकून खचतात. तू खचू नकोस, पुढे काय झालं ते बघ. त्यातली माणसं इतर राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत गेली, 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या कामात गेली. त्यातलेच विनोद रैना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीत होते. कार्यक्रम एका आदेशाने बंद करता येतो, तीस वर्षांत तयार झालेली माणसं बंद करता येत नाहीत. मात्र त्यातून एक व्यावहारिक गोष्टही शीक. तुझं काम फक्त एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर किंवा एका आदेशावर उभं असेल तर त्याला दुसरा आधार शोधत राहा: कायदा, नियम, अर्थसंकल्पातली तरतूद, किंवा ज्यांना त्याचा फायदा होतो अशा लोकांची संघटना.

आता इथे आल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं ते सांगते. तुझी खोली माझ्याकडेच आहे, आणि खाली उतरलीस की बिट्टन मार्केटचा हाट. तुझा विषय भाजीविक्री नाही हे मला कळतं, तरीही सुरुवात तिथूनच कर. 2014 चा पथविक्रेता कायदा घे, पूर्ण वाच, सारांश नको. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण हवं. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. मग हातात काही न घेता हाटात जा. वही नको, मोबाइल नको. भाजी घे आणि बोल. ओळखपत्र कुणाकडे आहे, जागेची पावती कोण फाडतं, पावसात काय होतं, समितीचं नाव कुणी ऐकलंय का, प्रधानमंत्री स्वनिधीचं पहिलं कर्ज कुणी घेतलं आणि बँकेने काय कागद मागितले. काही जणी बैरागढकडून किंवा त्याहून लांबून येतात, त्यांना घाईच्या वेळी विचारू नकोस, उन्हं उतरल्यावर विचार. नंतर महानगरपालिकेचे नियम काढून ताडून बघ. कायद्याचं कलम आणि टोपलीपुढे बसलेली बाई यांच्यामध्ये किती हात आहेत, कुठला हात रिकामा आहे, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की अंगणवाडीचा कागद तू वेगळ्या नजरेने वाचशील.

या वस्तीत तुला आणखी एक सोय आहे. पर्यावरण परिसर इथेच ई-5 मध्ये आहे, तिथे पर्यावरण नियोजनाची संस्था एप्को आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. नरोन्हा प्रशासन अकादमी जवळ. ‘विकास संवाद’ ही संस्थाही शहरातच. सुशासन संस्था 2007 पासून आहे, ती भदभद्याकडे. वल्लभ भवन, म्हणजे मंत्रालय, टेकडीवर, आणि बरीच संचालनालयं त्याच्याच आसपास. म्हणजे सरकार आणि संस्था यांच्यामधलं अंतर इथे रिक्षाने अर्ध्या तासाचं आहे. सल्लागार लोक मात्र ते अंतर ओलांडत नाहीत. संस्थेतले सरकारला निर्दय समजतात, सरकारातले संस्थेला भाबडं समजतात. तू दोन्हीकडे चहा प्यायला जात जा. विशेष करून संचालनालयातल्या जुन्या बाबूंकडे. सचिव दोन-अडीच वर्षांत बदलतो, पण कोणता शासन आदेश कोणत्या आदेशाने रद्द झाला, मागच्या वेळी वित्त विभागाने काय हरकत घेतली होती, हे ज्याला ठाऊक असतं तो कक्षातला माणूस असतो. त्याला आदराने ‘बडे बाबू’ म्हण, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी कर, आणि त्याने दाखवलेली नस्ती त्याच्यासमोरच वाच.

टिपणी लिहायला मात्र मन लावून शीक. विद्यापीठात तुम्ही वीस पानं पार्श्वभूमी लिहिता आणि शेवटी तीन ओळींच्या शिफारशी. इथे उलट. पहिल्या परिच्छेदात कोणता निर्णय हवा आहे ते, दुसऱ्यात तो कोणाच्या अधिकारात आहे आणि पैसा कोणत्या शीर्षातून, तिसऱ्यात गावपातळीवर कोण काय करणार आणि त्यासाठी ती व्यक्ती आज करत असलेलं कोणतं काम सोडणार. हा शेवटचा मुद्दा कुणीच लिहीत नाही. अंगणवाडी सेविकेवर दर वर्षी नवी नोंदवही येते, जुनी कुणी काढून घेत नाही. तू शिफारस करताना कोणती नोंदवही बंद करायची तेही लिही, तुझं पोरवय विसरून विभाग तुला गंभीरपणे घेईल. रचनेचा नमुना हवा असेल तर 2010 चा मध्य प्रदेशचा लोकसेवा हमी कायदा वाच. कोणता दाखला, कोणत्या पदावरचा अधिकारी, किती दिवसांत, उशीर झाला तर दिवसाला 250 रुपये, कमाल 5,000. त्या प्रकारचा देशातला तो पहिला कायदा, महाराष्ट्राने आपला 2015 साली केला. त्यातला दंड किती वेळा खरोखर लागला हा वेगळा प्रश्न आहे आणि तू तो माहिती अधिकारात विचारू शकतेस, पण लिहिण्याची पद्धत तिथून उचल. आणि हिंदीत लिही. इंग्रजी टिपणी वरच्या दोन टेबलांवर फिरते, हिंदी टिपणी जिल्ह्यापर्यंत जाते. आपली देवनागरी आहे म्हणून हिंदी येतेच असं समजू नकोस, शुद्धलेखन वेगळं, लिंगं वेगळी. रोज एक पान हाताने लिही.

आकड्यांबद्दल तुला सांगण्यासारखं फार नाही, तू सांख्यिकी शिकलीयस. एकच सावधगिरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या खुज्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 42 टक्के आणि 2019-21 मध्ये 35.7 टक्के आलं. ही नमुना पाहणी आहे, प्रशिक्षित पथकाने मापलेली. पोषण ट्रॅकर ॲपमधले आकडे 2021 पासून अंगणवाडी सेविका स्वतः भरते. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसवून चढउताराची रेघ ओढायची नाही. कुणी वरिष्ठाने ओढायला सांगितली तर खाली टीप लिही. टीप काढायला सांगितली तर तक्त्यावर तुझं नाव घालू नकोस.

आणि तुझा सल्ला फेटाळला जाईल, तेव्हाचं. 2015 साली इथे आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव होता. तो राजकीय पातळीवर नाकारला गेला. त्याच वर्षाअखेर महाराष्ट्रात अमृत आहार योजना सुरू झाली, आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण, नंतर लहान मुलांना अंडी किंवा केळी. इथला निर्णय चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. ज्यांच्या घरी अंडं खातातच त्या मुलांना ते नाकारण्याचं कारण मला आजवर पटलेलं नाही. पण निवडून आलेल्याने निर्णय घ्यायचा आणि सल्लागाराने सल्ला द्यायचा, ही चौकट मी मानते. म्हणून मतभेद लेखी द्यावा, एकदा, स्पष्ट, पर्यायासह. तो नस्तीत राहतो आणि सरकार बदललं की नस्ती पुन्हा उघडते. वर्तमानपत्राला कागद पुरवणं मात्र करारावर असताना कधीच नको. तसं करावंसं वाटलं तर आधी राजीनामा, मग लेख. संस्थेत असशील तर बोलायला मोकळी आहेस, तेव्हा मोठ्याने बोल.

पैशाचं. ताईला बरं वाटावं म्हणून गोड लिहीत नाही. सल्लागाराचा करार दर वर्षी नव्याने होतो, कधी दोन महिने आदेश लटकतो आणि पगारही. संस्थांसाठी 2020 च्या परदेशी देणगी कायद्याच्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी देणगीचा पैसा पुढे देणंही बंद झालं. लहान संस्थांना त्याचा फटका बसला. कंपन्यांचा 2013 च्या कायद्याखालचा दोन टक्क्यांचा निधी आहे, पण कंपनीला शाळेची इमारत आणि फीत कापायचा फोटो हवा असतो, अभ्यासकाचा पगार क्वचित. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवल्याशिवाय मोठी खरेदी करू नकोस, आरोग्य विमा स्वतःच्या नावाने घे, भविष्य निर्वाह निधी कापतात का ते नेमणुकीच्या आधी विचार. असं असलं की मानेवर हात ठेवून तुझ्याकडून कुणी सही घेऊ शकत नाही.

आता निवडीचं. माझा कौल संस्थेला, पहिली तीन वर्षं. एका अटीवर: त्यांनी तुला खालव्याला पाठवावं. खंडवा जिल्ह्यातला खालवा आणि अमरावतीतला मेळघाट, दोन्हीकडे कोरकू. एकच समाज, एकच डोंगर, एकच भूक, आणि मधून राज्याची सीमा. इकडची अंगणवाडी वेगळ्या आदेशाने चालते, तिकडची वेगळ्या. हंगामाला घरं सोडून माणसं कामाला गेली की मूल कोणत्या नोंदवहीत हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. तुला मराठी आणि हिंदी दोन्ही येतात. दोन्ही राज्यांचे शासन निर्णय मुळातून वाचून, दोन्ही बाजूंची गावं पायाखाली घालून लिहिणारे लोक फार थोडे आहेत. कोरकूही शीक, निदान आईशी बोलण्यापुरती. तीन वर्षांनी सुशासन संस्थेची जाहिरात पुन्हा येईल, ती दर थोड्या वर्षांनी येतेच. तेव्हा तू तिथे एक प्रश्न घेऊन जाशील आणि त्यांना तुझी गरज असेल.

संस्थेला होकार कळवताना तीन गोष्टी लेखी विचारून घे: खालव्यात महिन्याला किती दिवस, तू लिहिलेल्या अहवालावर नाव कुणाचं, आणि तू जमवलेली गावातली माहिती गावाला परत वाचून दाखवायची मुभा आहे की नाही. तिसऱ्याला नाही म्हणाले तर मला फोन कर, मी दुसरी दोन नावं सुचवेन.

येताना पदवीची मूळ कागदपत्रं आण, खंडव्याकडच्या थंडीसाठी जाड शाल आण. टंकलेखन हिंदीत येत नसेल तर आजपासून सुरू कर. वरची खोली झाडून ठेवलीय. तुझ्या काकांनी टेबलही खिडकीकडे सरकवलंय. सौ. ताईला नमस्कार, बाबांना सांग मी स्वतः फोन करेन.

तुझी,
मावशी